गोधडीचं पोट

ज्या सुरतेतून निम्म्या देशाला कापड जातं, त्या सुरतेत उखाला एक अंथरूण मिळेना.

उखा राहायचा डिंडोलीला. प्रोसेसिंग मिलच्या फोल्डिंग खात्यात त्याचा उभा जन्म गेला होता, आणि आता निवृत्तीनंतर तो नर्मदामाईच्या परिक्रमेला पायी निघणार होता. पाच-सहा महिन्यांची चाल, रोज नवा मुक्काम, आणि पाठीवर मावेल तेवढाच संसार. दोन जोडी कपडे, कमंडलू, गोळ्यांची पिशवी, सगळं एका बैठकीत ठरलं. घोडं अडलं ते अंथरुणापाशी.

पहिल्यांदा मुलानं, ललितनं, रिंगरोडवरून झोपायची पिशवी आणली. चेनवाली, गुळगुळीत, घडी केली की भोपळ्याएवढी. उखानं तिच्या कडेचा एक धागा ओढला, काडी पेटवून धाग्याला लावली, आणि वितळून झालेली काळी गुठळी सगळ्यांना दाखवली. आश्रमात धुनीशेजारी निजायचं असतं, एक ठिणगी उडाली तर ही चेन उघडेपर्यंत माझीच अशी गुठळी होईल, म्हणाला. पिशवी परत गेली. मग फोमची चटई आली. ती वजनाला काहीच नव्हती, पण गुंडाळली की खांद्यावर ड्रम घेतल्यासारखं दिसायचं. मग आली फायबरची रजई. ती पाठीला चिकटायची. प्रत्येक वस्तू ललितच्या सामान तोलायच्या काट्याला लटकायची, उखा चष्मा कपाळावर सरकवून आकडा बघायचा आणि मान हलवायचा.

"पोरीसाठी नवरा पाहिला तेव्हा एवढं तोललं नव्हतं," सरलाबाई म्हणाली. सगळे हसले, तीही हसली. काट्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

सरलाबाई उखाची बायको. घरी बसून पडदे शिवायची, दुकानाचं काम. दोन वर्षांपूर्वी भाजीवाल्यासमोर उभ्या उभ्या उखा कोसळला होता, तेव्हा त्याचं डोकं हिच्या मांडीवर होतं आणि गल्लीतले लोक पाणी आणा, पाणी आणा करत नुसतेच ओरडत होते. नंतर त्याच्या छातीत स्टेंट बसला, रंग परत आला, तो पुन्हा चहाला नावं ठेवायला लागला. हिचं मात्र तेव्हापासून बिनसलं ते बिनसलंच. तो झोपला की ही त्याच्या नाकासमोर बोटं धरून श्वास लागतो का ते बघायची. आणि आता हा माणूस म्हणे जंगलातून, खडकांतून, कुठल्या कोण्या गावाच्या ओसरीत निजत निजत जाणार. तिथं याच्या नाकासमोर बोटं कोण धरणार?

बरं, परवानगी सगळ्यांची घेऊन झाली होती. ललित त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला, डॉक्टर जा म्हणाले. ज्यांच्याबरोबर तो चालणार होता त्या जथ्याचा पुढारी सुकदेव आप्पा, एकदा परिक्रमा करून आलेला, तोही चल म्हणाला. विचारलं नाही ते फक्त सरलाबाईला. आणि तीही बोलली नाही. माईकडे निघालेल्या माणसाचे पाय बायकोनं धरले तर बोल कुणाला लागेल हे तिला पक्कं माहीत होतं. चाळीस वर्षं एका खोलीत काढलेल्या माणसाला एक साधी गोष्ट सांगायची, तर ऐनवेळी ती उठून शिलाईला बसायची. याचा तिला रागही यायचा, त्याचा आणि स्वतःचाही.

शेवटी सगळी दुकानं पालथी घालून झाल्यावर उखा तिच्यासमोर बसला.

"तूच शिव व," तो म्हणाला. "तुन्या हातनी गोधडी. जुन्या सुती लुगडासनी, दोन पदरी. बस, आखो काही नको."

लुगडीसुद्धा त्यानंच निवडली. हातावर घेऊन, डोळे मिटून. मिलमध्ये कापडाचं ठाण हातात घेऊन मीटरमागचं वजन सांगायचा तो, ती खोड गेली नव्हती. जरीचा काठ असलेलं एक लुगडं त्यानं बाजूला टाकलं. जरीला वजन असतं. दुसऱ्याचा पदर कापायला लावला. सरलाबाई बघत राहिली. एवढं काय हलकं हलकं लावलंय, हा माणूस जाण्यासाठी किती उतावीळ झालाय, असं तिच्या मनात आलं आणि तिथंच तिच्या डोक्यात एक बेत शिरला.

सुकदेव आप्पाचा एक नियम होता. निघण्याआधी प्रत्येकानं आपलं सगळं ओझं पाठीवर घेऊन डिंडोलीहून कामरेजपर्यंत चालून दाखवायचं. तापीकाठी महादेवाच्या देवळात पोचायचं, दुपारच्या आरतीच्या आत. ओझं दुसऱ्याच्या हाती दिलं किंवा रिक्षात ठेवलं की तो माणूस घरी राहिला. अर्ध्या परिक्रमेतून कुणाला परत आणायची पाळी नको, म्हणून हा सराव. आप्पा यात सख्ख्या भावालाही सोडत नसे.

म्हणजे उखा कामरेजला पोचला नाही, तर तो घरी राहणार होता. कुणी अडवलं असंही व्हायचं नाही. बायको वाईट ठरायची नाही. त्याचं त्यालाच वाटेल, आता आपल्यात दम राहिला नाही. हे शेवटचं वाक्य मनात आलं तेव्हा सरलाबाईला क्षणभर लाज वाटली, पण तिनं ती गिळली.

पडदा सरळ लटकावा म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत शिशाच्या बारीक मण्यांची माळ घालतात. घरात तिची रिळंच्या रिळं पडलेली. उखा भजनाला गेला की सरलाबाई गोधडी घेऊन बसायची. आधी चारी कडांच्या दुमडीत माळ गेली. मग टाक्यांच्या ओळींमधून, धाव्या टाक्याच्या आड, एकेक माळ सरकत गेली. वरून बघाल तर पातळ, मऊ, सुबक गोधडी. उचलाल तर ओला जाजम.

आता राहिलं पोट. त्यांच्या गावाकडे, अमळनेरच्या बाजूला, तिच्या सासूनं तिला एक रीत लावून दिली होती. गोधडीची शेवटची बाजू बंद करण्याआधी मधोमध भाकरीचा एक घास आणि चिमूटभर हळद ठेवायची. गोधडी उपाशी राहता कामा नये, म्हणजे तिच्यात निजणाराही उपाशी राहत नाही. आणि एकदा पोट भरलं की ती गोधडी तोलायची नाही, उसवायची नाही. उसवलीच तर जिनं शिवली तिनंच. सासू हे इतक्या धाकानं सांगायची की उखानं लहानपणी कधी गोधडीचा लोंबता धागासुद्धा तोडला नव्हता.

सरलाबाईनं भाकरीचा घास मोडून हातात घेतला. शिसं आणि घास एका टाक्याखाली घालायला मात्र तिचा हात झाला नाही. तिनं तो घास खिडकीतल्या चिमण्यांना टाकला आणि पोट रिकामंच शिवून टाकलं.

सरावाच्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी उखा अंघोळ करून तयार. सरलाबाईनं मुद्दामच तेव्हा दोरा तोडला आणि गोधडी त्याच्या हाती दिली. त्यानं ती घेतली, आणि त्याचे हात खाली गेले. त्या हातांना फसवणं अवघड होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"जड लागस का व?"

"पोट भरेल शे," ती म्हणाली.

पोट भरलेली गोधडी तोलायची नसते. उखाचा हात काट्याकडे निघाला होता तो थांबला. चेहरा एकदम मवाळ झाला. त्यानं गोधडी कपाळाला लावली, घडी करून पिशवीत बांधली, आणि पिशवी पाठीवर चढवली. फोन आप्पाच्या नियमाप्रमाणे बंद करून घरीच ठेवला. गल्लीच्या वळणावर त्यानं मागे वळून हात हलवला. तिनंही हलवला. थोड्याच वेळात परत येईल, असं ती स्वतःला सांगत होती. पुणागामपर्यंत जाईल, फार तर सीमाडा नाका, मग बसेल आणि परत येईल.

ललित रात्रपाळी करून सचिनच्या औद्योगिक वसाहतीतून परतला तेव्हा ऊन वर आलं होतं. दिवाळीच्या आधीचं सुरतेचं ऊन, सकाळपासूनच अंगाला चिकटणारं. तो हातपाय धुऊन चहाला बसला.

"दादा गयात का?" त्यानं बापाबद्दल विचारलं. "गोधडी हलकीच शे ना, माय? काटावर टाकी का?"

"तुले कसानी पडेल शे एवढी हलकीनी?" सरलाबाई जरा तडकूनच बोलली.

ललितनं कप खाली ठेवला. मग जरा ओशाळून म्हणाला, "तुले सांगं नही आम्ही. दादांनी नको म्हणेल व्हतं, तू घाबरशी म्हणीसन. डॉक्टर बोलनात, चालाले हरकत नही, चालनं चांगलंच शे. पन वजन उचलानं नही. छातीवर ताण उना ते मंग काही खरं नही. म्हणीसन तं दादा त्या हलका अंथरुणना मांगे लागेल व्हतात."

सरलाबाईच्या हातातली सांडशी पडली.

काट्याला लटकलेली ती रजई, चष्मा कपाळावर सरकवून आकडा बघणारा उखा, जरीचं लुगडं बाजूला टाकणारे त्याचे हात, सगळं एका झटक्यात तिच्यासमोर उभं राहिलं. तो जायला उतावीळ नव्हता. तो जगायला धडपडत होता, आणि हिला भीती वाटू नये म्हणून ते तिच्यापासून लपवत होता. आणि तिनं त्याच्या पाठीवर शिसं बांधून दिलं होतं.

"गाडी काढ," ती म्हणाली.

"काय व्हयनं?"

"गाडी काढ पहिले!"

डिंडोलीचा पूल, पर्वत पाटिया, पुणागाम. मोटरसायकलवर मागे बसलेली सरलाबाई रस्त्याच्या दोन्ही कडा डोळ्यांनी चाळत होती. पाठीवर पिशवी घेतलेला प्रत्येक माणूस तिला उखा वाटायचा, आणि जवळ गेलं की कुणी भंगारवाला निघायचा, कुणी साड्यांचं गाठोडं नेणारा. सीमाडा नाक्याला तो बसलेला सापडेल असं ती धरून चालली होती. तिथं कुणी नव्हतं. ललितनं आप्पाला फोन लावला, बंद. सरथाणा जकातनाक्याजवळ रस्त्याकडेला माणसांचं कोंडाळं दिसलं. तिनं ललितचा खांदा असा धरला की तो कळवळला. कोंडाळ्यात एक रिक्षा उलटली होती, माणसं ती सरळ करत होती. सरलाबाईनं चालत्या गाडीवर हात जोडले. रिक्षावाल्याचं काय झालं हे विचारायचंही तिला सुचलं नाही.

तिथं तिनं ललितला सांगितलं. त्याच्या पाठीमागून, वाऱ्यात, ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे कबुली भांडणासारखी वाटली. "मी त्यामां शिसं शिवेल शे! पडदासनं!"

ललितनं फक्त गाडीचा वेग वाढवला. त्यापेक्षा त्यानं शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

कामरेजच्या देवळात जथा पोचला होता. लोक ओसरीत पाय पसरून बसले होते, कुणी पायाला तेल चोळत होतं. सुकदेव आप्पा पायरीवर उभा, नजर रस्त्याकडे. सरलाबाईनं एकेक चेहरा पाहिला. उखा नव्हता.

"मागं राहिला तो," आप्पा म्हणाला. "वालक गावानंतर फार हळू चालायला लागला. थांब म्हटलं तर ऐकंना. म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, मी येतो. आम्ही कालव्याकडच्या रस्त्यानं आलो, एक माणूस त्याच्याजवळ ठेवत होतो तर त्यालाही हाकलून दिलं."

तिनं पुढचं ऐकलं नाही. कालव्याकडच्या रस्त्याला ती पायीच सुटली, चपला वाटेत कधी निघाल्या तिला कळलं नाही. उसाच्या शेतांमधून डांबरी पट्टा सरळ गेला होता, आणि त्या पट्ट्यावर, लांब, एक वाकलेला माणूस चार पावलं टाकत होता, थांबत होता, पुन्हा चार पावलं टाकत होता.

जवळ गेल्यावर तिला त्याचा चेहरा दिसला. राखेसारखा. सदरा अंगाला चिकटलेला, ओठ कोरडे, आणि एक हात छातीवर. तिला पाहून तो हसायचा प्रयत्न करायला लागला.

"तू कसाले उनी?"

"द्या ते. द्या मनाकडे," ती पिशवीकडे झेपावली.

उखा मागे सरकला. "हात लावू नको! आप्पा देखी ऱ्हायना." खरंच, आप्पा आणि ललित मागून येत होते. "हात लावा ते मी घरी ऱ्हायसू. आते उनंच देऊळ. थोडंसं तं शे."

सरलाबाईचे हात हवेतच राहिले. एवढ्यासाठीच तर तिनं हा सगळा उद्योग केला होता. आता नुसती पिशवी ओढली की झालं, आप्पाच्या देखत. कुणी काही म्हणणार नव्हतं. बायकोला दया आली, एवढंच. उखा घरी राहिला असता, आणि शिशाची गोष्ट तिच्या आणि ललितच्या पोटात राहिली असती. पण तो तिला पिशवीला हात लावू देत नव्हता. ओढाताणीत तो इथंच पडला असता.

"टाका ना ते खाली," ती रडायला लागली. "दम लागेल शे तुमले."

"तुनं भरेल पोट शे व त्यामां," उखा धापा टाकत म्हणाला. "रस्त्यावर कसं टाकू? वालकले उचलवत नव्हतं, मंग मी म्हणं, सरलानी एवढं भरी देयेल शे, ते काय उगाच? जोपर्यंत पाठवर शे तोपर्यंत माले काही व्हत नही." आणि त्यानं पुढचं पाऊल टाकलं.

"पोट नही भरं मी!" सरलाबाई किंचाळली. आप्पा आणि ललित पोचले होते, तिला त्याचं काही वाटेनासं झालं. "रिकामं शे ते. शिसं शे त्यामां. पडदासनं शिसं. तुमी दमाले पाहिजे, परत याले पाहिजे, म्हणीसन मी शिवं. टाका ते!"

उखा उभाच राहिला. मग त्याच्या खांद्यावरून पट्टा सरकला, पिशवी डांबरावर पडली, आणि शिसं असल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो रस्त्याच्या कडेला बसला. ललितनं त्याला पाणी पाजलं, जिभेखाली गोळी दिली, सदऱ्याची बटणं सोडली. सरलाबाई त्याच्या श्वासाकडे बघत बसली, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, त्याच्या नाकाखाली बोटं धरून. हळूहळू श्वास जागेवर आला, चेहऱ्यावर थोडं रक्त दिसायला लागलं.

तेव्हा तिनं कमरेच्या पिशवीतून धागा कापायचा कटर काढला आणि गोधडी उसवायला घेतली. कड उघडली, माळ ओढली. ती येतच राहिली. करडी, बारीक मण्यांची, धुळीत वेटोळं होऊन पडत गेली. उखा ते बघत होता. त्यानं एक माळ हातावर घेतली, डोळे मिटून तोलली, आणि खाली ठेवली.

"तुले मी जावाले नको व्हतं," तो म्हणाला. रागावून नाही. नुसतं.

"नको व्हतं. माले भीती वाटस. तुमी परत नही उनात तर मी कोनासंगे भांडू?"

"मंग सांगं का नही?"

"तुमी इचारं का?"

आप्पानं तोवर शिशाचा ढीग पिशवीत भरून उचलून पाहिला होता. "अरे, हे घेऊन हा इथवर आला? याचा सराव झाला म्हणायचा," तो म्हणाला, आणि मग त्याला कळलं की इथं आपण बोलायचं नाही, आणि तो उसाकडे तोंड करून उभा राहिला.

"आते इचारस," उखा म्हणाला. त्याचा आवाज अजून बारीकच होता. "जाऊ का, सरला? नको म्हणशी ते नही जावाव. कोनले काही सांगाव नही. जथाले सांगू, मनं मीच मांगे फिरनू."

तिनं चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून हा प्रश्न ऐकला आणि तिला तो नकोसा झाला. न विचारता जाणाऱ्या माणसावर रागवता येतं. तिच्या ओठांवर 'नको' आलंच होतं. एका शब्दाचं काम होतं. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. उचलवत नसलेलं ओझं निव्वळ तिच्या हातचं म्हणून भर उन्हात इथपर्यंत आणलेले ते हात आता गोधडीची उसवलेली कड सरळ करत होते.

"उद्या डॉक्टरकडं जाऊ," ती शेवटी म्हणाली. "या टायमाले आत मी बी येसू. मनासमोर बोलू द्या त्याले, काय बोलानं ते. त्यानी नको म्हणं ते विषय संपना."

"आन हो म्हणं ते?"

सरलाबाईनं डोळे पुसले आणि हात पुढे केला. "तुमचा डबा काढा."

डब्यात तिनंच पहाटे दिलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, न खाल्लेली. पोचल्याशिवाय खायचं नाही म्हणून त्यानं ती तशीच आणली होती. तिनं तिचा एक घास मोडला. हळद नव्हती. ललित देवळाकडे धावत गेला आणि पुजाऱ्याकडून चिमूटभर घेऊन आला. उसाच्या सावलीत मांडी घालून, पदरातली सुई काढून, सरलाबाईनं घास गोधडीच्या मधोमध ठेवला, त्यावर हळद टाकली, आणि उरलेली कड शिवायला लागली. टाके वाकडे येत होते, तिला नीट दिसत नव्हतं.

दोरा तिनं दातांनी तोडला. उखानं गोधडी दोन्ही हातांनी उचलून पाहिली, कपाळाला लावली, आणि उरलेली भाकरी तिच्या हातात देऊन म्हणाला, "आधी तू खा. सकायपासून तुन्या पोटमां काहीच नही."